थांबा, होईल बरं!

अक्कलदाढ काढली, भूल उतरायची वेळ टळून गेली, तरी खालचा ओठ बधिरच. चहा ओठावरून हनुवटीवर ओघळतो, तेही कळत नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला की दाताचे डॉक्टर सांगतात, ‘थोडी नस दुखावली आहे. थांबा, होईल बरं.’ बहुतेकांचे होतेही. काही आठवड्यांत, काही महिन्यांत संवेदना परत येते. ज्यांची येत नाही ते थांबतच राहतात. सहा महिने जातात, वर्ष जाते, मग ‘दिवाळी होऊ दे, नंतर बघू.’

रुग्ण थांबतो, मुदत थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ ने तक्रार दाखल करायला वादकारण घडल्यापासून दोन वर्षे दिली आहेत. जुन्या, १९८६ च्या कायद्यात कलम २४अ होते, त्यातही दोनच. वाट पाहण्यात गेलेले महिने यातून वजा करावेत असे कलमात कुठेही म्हटलेले नाही.

दोन वर्षे कमी पडतात, अशी माझी तक्रार नाही. ती कोणत्या दिवशी सुरू झाली हे रुग्णाला बहुतेक वेळा कळत नाही, आणि डॉक्टरांना कळू शकते, ही माझी तक्रार आहे. खुर्चीत आडवा पडून, तोंड उघडून माणूस छताकडे बघत असतो. आत काय चालले आहे हे पाहणारा माणूस एकच. एक्स-रे काढणारा तोच, वाचणारा तोच. तो बोलला नाही तर मुदत रुग्णाच्या नकळत संपते, आणि नंतर ग्राहक आयोगासमोर ‘उशीर का केलात?’ हा प्रश्न मात्र रुग्णालाच विचारला जातो.

दाताचा दवाखाना ग्राहक कायद्यात कसा काय, असे विचारणारे अजूनही भेटतात. १३ नोव्हेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात तो प्रश्न मिटवला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही कायद्याच्या अर्थाने सेवाच आहे. रूट कॅनाल, कॅप, इम्प्लांट, तारा, कवळी, सगळे त्यात आले. जिथे सर्वांवर मोफत उपचार होतात आणि केसपेपरपुरते नाममात्र पैसे घेतात, ते दवाखाने मात्र बाहेर राहिले. त्यांच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयाची वाट उरते, आणि तिथे मुदतीचा कायदा, १९६३ लागू होतो. नुकसानभरपाईच्या अशा दाव्याला त्यात साधारण तीन वर्षे मिळतात.

आता त्या ‘वादकारण घडल्यापासून’कडे या. सगळी मेख तिथे आहे.

काही चुका उघड असतात. डावीकडची दाढ काढायची होती, उजवीकडची काढली. संध्याकाळी आरशात पाहिले की कळते. मुदत त्या दिवसापासून. ओठ किंवा जीभ बधिर झाली, तेही त्याच दिवशी कळते. पुढे वर्षभर ‘बरे होईल’ या आशेवर काढले, तरी समोरचा वकील पहिलाच दिवस धरणार.

काही चुका लपलेल्या असतात. रूट कॅनाल करताना दाताच्या मुळातली नळी साफ करायला केसासारखी बारीक धातूची फाइल वापरतात. दाढेची मुळे वाकडी असतात. वळणावर ती फाइल कधी कधी तुटते आणि दोन-चार मिलिमीटरचा तुकडा आत अडकून बसतो. चांगल्या, काळजीपूर्वक काम करणाऱ्या डॉक्टरांच्या हातूनही हे होते, आणि नुसते तुटणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे मी मनापासून मान्य करतो. तुकडा काढता येतो, बाजूने वाट काढता येते, कधी तो तसाच ठेवून दात वर्षानुवर्षे टिकतो. पण त्याच वेळी रुग्णाला सांगायला हवे, कागदावर लिहायला हवे, आणि मुळांच्या उपचारातल्या तज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही हे त्याच्याशी बोलून ठरवायला हवे. सांगितले नाही, वर कॅप बसवली आणि पैसे घेतले, तर तो निष्काळजीपणा आहे. माझ्या मते त्याहून वाईट आहे. तो विश्वासघात आहे.

तीन वर्षांनी हिरडीला गळू येते. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. ते एक्स-रे काढतात, आणि मुळाच्या टोकाशी एक पांढरी रेघ दिसते. आता मुदत कधीपासून मोजायची? फाइल तुटली त्या दिवसापासून मोजली तर ती वर्षापूर्वीच संपली. जखम कळायच्या आधीच हक्क गेला, असे म्हणायचे का?

नाही म्हणायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केले आहे, आणि तो खटला आपल्याच भागातला आहे. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयातल्या एका परिचारिकेची नोव्हेंबर १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाच्या खड्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. पोटदुखी राहिली. ती नऊ वर्षे राहिली. २००२ मध्ये सीटी स्कॅन झाला, ऑक्टोबरमध्ये मुंबईतच दुसरी शस्त्रक्रिया झाली, आणि पोटातून पहिल्या वेळी राहिलेला गॉजचा बोळा निघाला. त्यानंतर दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, ऑक्टोबर २००४ मध्ये, त्यांनी राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने ती दाखल करून घेतली. डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले.

न्यायालयाने नियम सांगितला तो असा. वैद्यकीय निष्काळजीपणात वादकारण कधी घडले याला एकच ठरीव माप लावता येत नाही. परिणाम उघड असेल तर कृती झाली त्या दिवसापासून मोजा. परिणाम लपलेला असेल तर रुग्णाला तो कळला त्या दिवसापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळू शकला असता त्या दिवसापासून मोजा. हा नियम न्याय्य आहे, आणि दाताच्या रुग्णांना तो जितका लागू पडतो तितका क्वचितच कुणाला पडत असेल.

नियम असा सांगितला, आणि परिचारिकाबाई हरल्या. न्यायालय म्हणाले, त्या अनुभवी परिचारिका होत्या, इतकी वर्षे दुखणे हे स्वाभाविक नाही हे त्यांना कळायला हवे होते, आणि पहिल्या डॉक्टरांकडे त्या परत गेल्याच नाहीत. वाजवी दक्षता दाखवली नाही म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. निष्काळजीपणा झाला होता की नाही यावर सुनावणी झालीच नाही.

मला हा निकाल शेवटच्या टप्प्यावर कठोर वाटतो. पोटात गॉज राहिला असेल ही शंका रुग्णाने स्वतः घ्यायची, आणि तो ठेवणाऱ्याने घ्यायची नाही, हे मनाला पटत नाही. ज्या बाईंनी आयुष्य रुग्णसेवेत काढले त्यांचे ज्ञानच त्यांच्याविरुद्ध गेले. पण निकाल आहे, तो लागू आहे, आणि त्यातली अट प्रत्येक रुग्णाने नीट ऐकून ठेवावी: दुखते आहे आणि तुम्ही काहीच केले नाही, तर ते दिवस तुमच्या खात्यात मांडले जातील. वर्षभर दाढ ठणकत होती, मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, एक्स-रे काढला नाही. वर्षानंतर फाइलचा तुकडा सापडला. समोरचा वकील याच वर्षावर बोट ठेवणार.

म्हणून दुखले की परत जा. ज्यांनी उपचार केले त्यांच्याकडेच आधी जा, आणि गेल्याची लेखी खूण ठेवा. निदान व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ लिहून ठेवा: डॉक्टर, अमुक तारखेला केलेली दाढ अजून दुखते आहे.

पण उशिराची गोष्ट निघाली की एक दुसरा कागद आठवतो, आणि त्याचा मला जास्त राग येतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असे सांगितले आहे. तीन वर्षे, तीही उपचार सुरू झाल्यापासून. दाताच्या दवाखान्यात रुग्ण दाखल होतच नाही, येतो आणि जातो. कॅपखालची कीड, हलायला लागलेला इम्प्लांट, तारांमुळे झिजलेली मुळे या गोष्टी चार-पाच वर्षांनीच बोलू लागतात. तोवर दवाखान्याचा संगणक बदललेला असतो, मदतनीस मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली असते, आणि एक्स-रे कुठेच नसतो. न्यायालय म्हणते, कळल्यापासून मोजा. कळेपर्यंत पुरावाच उरला नाही, तर त्या मोजणीचा रुग्णाला उपयोग काय?

आपल्याकडे रूट कॅनालला तीन-चार वेळा जातो, हजारो रुपये देतो, आणि घरी काय आणतो? गोळ्यांची चिठ्ठी. पक्की पावती अनेक जण मागतही नाहीत, मागणे अवघड वाटते. घरचेच डॉक्टर, ओळखीचे, आईच्या कवळीपासून मुलाच्या तारांपर्यंत सगळे त्यांनीच केलेले. त्यांच्याकडे एक्स-रे मागायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखे होते, असे वाटते. यात अविश्वास नाही. दात तुमचा, त्याचा फोटोही तुमचा. आजकाल बहुतेक दवाखान्यांत डिजिटल एक्स-रे असतो, तो फोनवर पाठवायला अर्धे मिनिट लागते. उपचाराआधीचा एक, उपचारानंतरचा एक, इतके प्रत्येक वेळी मागून घ्या. चांगले डॉक्टर आनंदाने देतात.

डॉक्टरांची बाजूही खरी आहे. मुदत असायलाच हवी. पंधरा वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेचा जाब आज विचारला तर प्रामाणिक डॉक्टरही काय उत्तर देणार? रुग्णाने मधल्या काळात सुपारी खाल्ली, ब्रश केला नाही, दुसऱ्या दोन दवाखान्यांत उपचार घेतले, हे सगळे डॉक्टरांच्या माथी मारता येत नाही. कायदा त्यांनाही कडक आहे. तक्रारीची नोटीस मिळाली की उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. एकूण पंचेचाळीसच्या पुढे एक दिवसही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला ठरवून टाकले. दोन्ही बाजूंना मुदत बांधते. फरक इतकाच की डॉक्टरांचे पंचेचाळीस दिवस नोटीस हातात पडल्यावर सुरू होतात. त्यांना सुरुवात माहीत असते.

उशीर झालाच तर? कलम ६९ च्या दुसऱ्या पोटकलमात दार थोडे उघडे आहे. पुरेसे कारण होते हे आयोगाला पटवले तर उशीर माफ होतो, आणि का माफ केला हे आयोगाला लिहावे लागते. त्यावर भिस्त ठेवू नका. समोरच्याने आक्षेप घेतला नाही तरी तक्रार मुदतीत आहे की नाही हे आयोगाने स्वतः तपासलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात बजावले आहे. ‘डॉक्टर फुकट पुन्हा करून देतो म्हणत होते’, ‘वकिलाची नोटीस पाठवली होती’, ‘बोलणी चालू होती’, ही कारणे लोक फार विश्वासाने सांगतात. नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही, आणि पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबतही नाही. दीड वर्ष गोड बोलण्यात गेले आणि मग फोन उचलणे बंद झाले, अशा गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील.

देशातली सगळी मुदत एकदाच थांबली होती. कोविडमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून वगळला, कारण लोकांना घराबाहेर पडणेच शक्य नव्हते. माणसाला जे शक्यच नव्हते त्याची शिक्षा त्याला देऊ नये, हे तत्त्व त्यामागे होते. दाताच्या मुळात तुटलेली फाइल पाहणे रुग्णाला शक्य असते का?

दुसरे देश हे कसे सोडवतात पाहा. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात वैद्यकीय आणि दंत उपचारांतल्या चुकांसाठी अडीच वर्षांची मुदत आहे. पण त्याच तक्रारीवर उपचार सलग चालू असतील तर ती शेवटच्या उपचारापासून मोजतात, आणि शरीरात बाहेरची वस्तू राहून गेली असेल तर ती सापडल्यापासून एक वर्ष मिळते. हे कलमातच लिहिलेले आहे. इंग्लंडमध्ये १९८० च्या कायद्यानुसार तीन वर्षे, आणि ती रुग्णाला कळले त्या तारखेपासूनही मोजता येतात. तेही कलमातच.

परदेशात कशाला जा, आपल्याच कायद्यांत पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये हाड मोडणे जसे गंभीर दुखापतीत धरले आहे, तसेच दात तुटणे किंवा निखळणेही धरले आहे. बेदरकारपणामुळे अशी दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि दखल घ्यायची मुदतही तीन वर्षे. तिथे नागरिक सुरक्षा संहितेने साफ लिहिले आहे की गुन्हा झाल्याचे माहीतच नसेल, तर तो कळला त्या दिवसापासून मोजा. (दातासाठी कुणी पोलिसात धावावे असे मी सुचवत नाही. डॉक्टरांना गुन्हेगार ठरवायला ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो, असे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने सांगितले आहे आणि ते योग्यच आहे. पोलिसांची भीती घालून पैसे काढू पाहणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.) मुदतीच्या कायद्याचे कलम १७ घ्या. फसवणुकीने गोष्ट लपवली असेल तर ती उघड होईपर्यंत मुदत सुरूच होत नाही. म्हणजे फौजदारीत ‘कळल्यापासून’ आहे, दिवाणीत लपवाछपवीपुरते का होईना आहे. ग्राहकाच्या नावाने केलेल्या कायद्यातच ते लिहिलेले नाही.

निकालात आहे ना, मग कलमात कशाला, असे वकील म्हणतील. कारण हा कायदा वकिलाशिवाय चालावा म्हणून केला आहे. तक्रार स्वतः मांडता येते, राहत्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइन दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या सेवेला शुल्क शून्य आहे. अशी स्वतः तक्रार करायला निघालेली सावंतवाडीची शिक्षिका किंवा परभणीचा दुकानदार कलम वाचतो, निकालांचे ग्रंथ वाचत नाही. ‘वादकारण घडल्यापासून दोन वर्षे’ इतके वाचून तो बोटांवर मोजतो आणि तीन वर्षे झाली म्हणून घरी बसतो. त्याचा हक्क शाबूत असतो, आणि तो स्वतःच सोडून देतो.

कलम ६९ मध्ये दोन वाक्ये घाला, ही माझी केंद्र सरकारकडे मागणी आहे. पहिले: इजा लपलेली असेल तर ती कळली किंवा कळायला हवी होती त्या दिवसापासून मोजा. दुसरे: त्याच दुखण्यावर तोच डॉक्टर उपचार करत असेल तोवर मोजणी सुरू करू नका. दुसऱ्या वाक्याने प्रामाणिक डॉक्टरांचाही फायदा आहे. ‘थांबा, बघू’ हा सल्ला बहुधा वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच असतो. दुखावलेल्या नसेला वेळ द्यावाच लागतो. तो सल्ला ऐकणाऱ्या रुग्णाला हक्क गमावण्याची भीती नसेल, तर तो वकिलाकडे न धावता डॉक्टरांचे ऐकेल. आणि दात-जबड्याचे एक्स-रे व उपचाराच्या नोंदी त्याच दिवशी रुग्णाच्या हाती देणे सक्तीचे करा. यात खर्च नाही, यंत्रणा नाही, फक्त इच्छा लागते.

कायदा बदलेपर्यंत वाचकांना एकच विनंती. उपचार बिघडला अशी शंका असेल आणि त्याला दीड वर्ष होऊन गेले असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटवर विसंबू नका. दुसऱ्या दंतवैद्यांचे लेखी मत घ्या, एक्स-रे जोडा आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आधी दाखल करा. डॉक्टरांशी समझोत्याची बोलणी त्यानंतरही करता येतात; २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आयोगाला जोडून मध्यस्थी कक्षाची तरतूद केली आहे, ती त्यासाठीच.